सारवलेल्या जमिनीचा पंचनामा

माझ्या निरोपसमारंभात साहेबांनी मानपत्र वाचलं. माझी पोलीस खात्यातली सेवा ‘निष्कलंक’ होती आणि मी ‘शासकीय वाहनाची निगा पोटच्या पोराप्रमाणे’ राखली, असं त्यात लिहिलं होतं. मला सायकलीपलीकडे कुठलंही वाहन चालवता येत नाही. माझ्या आधी दोन महिने आमच्या ठाण्याचा चालक निवृत्त झाला होता. त्याच्याच मानपत्रात नाव बदलून माझं मानपत्र तयार झालं होतं आणि तेवढी एक ओळ खोडायची राहून गेली होती. टाळ्या त्या ओळीलाच सगळ्यात जास्त पडल्या.

मी कुणाला दोष दिला नाही. शाल घेतली, नारळ घेतला, बसलो. जुना कागद समोर ठेवून नवा लिहायचा, हे आमच्या खात्यात मी स्वतःच आयुष्यभर करत आलो होतो. त्या सवयीपायी एक खुनी माझ्या हातून जवळजवळ सुटला होता. ‘निष्कलंक’ हा शब्द मानपत्रात कसा बसत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्यात तपासाचं लिहिण्याचं काम केलं. निवृत्त झालो तेव्हा पदाचं नाव सहायक उपनिरीक्षक होतं, पण गावोगाव लोक मला जमादारच म्हणत आणि मलाही तेच बरं वाटे. सिनेमातला पोलीस धावतो, खराखुरा पोलीस लिहितो. खून झाला की पहिला कागद पंचनाम्याचा. जागेवर जायचं, दोन त्रयस्थ माणसं साक्षीला घ्यायची, त्यांना पंच म्हणायचं, आणि डोळ्यांना जे दिसतं ते तिथंच बसून लिहायचं. पुढे वर्षादोनवर्षांनी न्यायाधीशांना ती जागा फक्त त्या कागदातून दिसणार असते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खुनी सापडणं अवघड. खेड्यात खुनी सापडणं फारसं अवघड नसतं. दुपारपर्यंत पाणवठ्यावर नाव कळलेलं असतं. अवघड असतं ते पुढचं. पाणवठ्यावरचं नाव न्यायालयात चालत नाही. आरोपीनं पोलिसांपुढे रडून सगळं कबूल केलं, तरी कायद्याच्या लेखी त्या रडण्याची किंमत शून्य. त्यातलं ‘अमुक वस्तू अमुक ठिकाणी टाकली आहे, दाखवतो’ एवढंच वाक्य जिवंत राहतं, तेही वस्तू खरोखर तिथं निघाली तर. हा नियम कुणी केला असेल तो आम्हा पोलिसांना चांगला ओळखत असणार.

मग पंच. आमच्या ठाण्यासमोर एक चहावाला होता. बोलावलं की येणारा, लिहायला सांगितलं की सही करणारा, गुणी माणूस. एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या वकिलानं त्याला हसत विचारलं, “त्या दिवशी दहा वाजता तुम्ही इथं कुऱ्हाडीच्या जप्तीला हजर होता. आणि दुसऱ्या गुन्ह्याच्या कागदावर त्याच दिवशी दहाला कारंज्यात दारूच्या छाप्याला. कसे गेलात?” चहावाल्यानं शांतपणे सांगितलं, “सायेब, मी तं दोन्हीकडं नोतो. मी दुकानात होतो.” आरोपी सुटला. त्या आरोपीनंच खून केला होता हे मला आजही माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. बाजारात भेटला की नमस्कार करतो.

दुसऱ्या एका प्रकरणात आमच्या तेव्हाच्या साहेबांनी आरोपीला मध्ये उभं करून, मागं सगळ्या ठाण्याची रांग लावून फोटो काढवला. ‘छत्तीस तासांत छडा’ असा मथळा आला, फोटोत साहेबांची मिशीसुद्धा स्पष्ट दिसत होती. आठवड्यानं ओळख परेड झाली. साक्षीदार बाईनं आरोपीला बरोबर ओळखलं. न्यायालयात वकिलानं ते वर्तमानपत्र तिच्यापुढे धरलं आणि विचारलं, हा अंक तुमच्या घरी येतो का? येतो म्हणाली. ओळख परेडचा निकाल तिथंच लागला.

हे दोन्ही दोष दुसऱ्यांचे, म्हणून पटकन सांगून झाले. तिसरा माझा आहे.

कामरगावपासून थोडं आत एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण दोन्ही बाजूंची माणसं अजून तिथंच राहतात. गावाच्या कडेला यमुनाबाई नावाची साठीची विधवा एकटी राहत होती. तीन एकर शेत. मुलगा नाही, एक मुलगी, वंदना, अनसिंगला दिलेली. शेत यमुनाबाईच्या दिराचा मुलगा सुधाकर वाहत असे. शेजारी गोदाबाई नावाची तिच्याच वयाची बाई.

दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीन निघालं होतं, कपाशीची वेचणी चालू होती. सकाळी सुधाकरनं हाक दिली की काकूला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. माणसं जमली, अकरा वाजेपर्यंत अग्नीही देऊन झाला. पोलीस पाटील परगावी गेले होते. संध्याकाळी आल्यावर त्यांनी कर्तव्य म्हणून ठाण्यात फोन केला. अशा मृत्यूचा मर्ग दाखल होतो, म्हणजे अकस्मात मृत्यूची चौकशी. ती माझ्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पंच म्हणून सुधाकरच्या ओळखीचेच दोघे उभे होते. घर म्हणजे मातीची एक खोली, पुढे ओटा. मी उंबरठ्याशी उभा राहून आत पाहिलं. चूल, दोन पत्र्याचे डबे, पाटा, कोपऱ्यात घोंगडी. जमीन नुकतीच सारवलेली होती आणि बूट काढायचा मला कंटाळा आला. मी ओट्यावर बसलो आणि लिहिलं : “घराची आतून बारकाईने पाहणी केली असता जमीन शेणाने सारवलेली व स्वच्छ दिसून आली. संशयास्पद अथवा आक्षेपार्ह काहीही मिळून आले नाही.” हे वाक्य मी त्याआधी किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. हाताला पाठ होतं. डोळ्यांची गरज पडली नाही. मग चहा आला. तो सुधाकरच्या घरचा होता हे नंतर लक्षात आलं.

चौथ्या दिवशी वंदना ठाण्यात आली. पस्तिशीची बाई, डोळे कोरडे. उभ्यानंच बोलली.

“जमादारसायेब, माय पान लागून मेली नाई.”

मी खुर्ची दाखवली. बसली नाही.

“आईचं दुःख असतं बाई,” मी म्हणालो. “पन पान लागल्यावर कोन काय करीन?”

“लेक पोचेपर्यंत थांबतात का नाई मानसं? अनसिंग काय परदेशात हाय? मले गोदामावशीच्या फोनवरून समजलं, अन् मी वाशीमच्या स्टॅंडवर हावो तवा माय जळून राह्यली होती. कायची घाई होती सुधाकरले?”

“मुडदा जास्त वेळ ठेवता येत नाही, म्हणून...”

“कार्तिकात? थंडीत?” तिनं मला थांबवलं. “मायनं मागच्या महिन्यात तलाठ्याकडं अर्ज देल्ला होता. शेतावर माझं नाव लावा म्हनून. त्याले समजलं होतं ते.”

हे मला माहीत नव्हतं. तरी मी खात्याच्या आवाजात म्हणालो, “मी स्वतः घराचा पंचनामा केला. तसं काही दिसलं नाही.”

ती टेबलाजवळ आली. मग म्हणाली, “तुमी आत गेलते का? एवढंच सांगा.”

माझ्या नोकरीत वकिलांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. एवढा सरळ एकानंही विचारला नव्हता. मोटारसायकल चालवणारा शिपाई बोलावला आणि तिला एसटीनं मागून यायला सांगून निघालो.

या वेळी पहिल्यांदा गोदाबाईकडे गेलो. ती कापूस निवडत बसली होती. मी विचारलं, त्या दिवशी सकाळी काय पाहिलं?

“आज आले इचाराले?” तिनं मान वर केली नाही. “त्या रोजी ओट्यावर बसून च्या पेत होते, तवा मी इथंच होतो. मले कोनी इचारलं?”

“चुकलं माझं, मावशी. आता सांगा.”

“जमीन वल्ली होती.”

“म्हणजे?”

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. एखाद्या मंद पोराकडे पाहावं तसं. “बावा, मुडदा घरातून गेल्याबिगर घर सारवते का कोनी? मुडदा उचलला, गेला, की मंग मागून बाया सारवतात. तुमच्या घरी कोनी मेलं नाई का कधी?”

“मेलं आहे.”

“मंग? मी हाक आयकून गेलो, त यमुना वल्ल्या सारवनावर निजवेल होती. तिले वळतं केलं त लुगड्याले मांगून शेन लागेल. डोकं फडक्यानं गच्च बांधेल, अन् सुधाकर ते सोडू दे ना. सारवन आधी, मुडदा मंग. असं कुठं पाह्यलं?”

“हे कोणाला सांगितलं का नाही?”

“बाया सगळ्या पाहून राह्यल्या होत्या. मानसं लाकडाच्या मागं होते. अन् तुमचा कागद तं मानसाईनंच लिवला.”

ती उठली, मला घेऊन यमुनाबाईच्या घरात शिरली. चुलीपाशी बसून तिनं जमिनीवर हात धरला, न टेकवता.

“पाहा. बाईचा हात बसल्या जाग्यावरून फिरते, असा, कमानीवानी. मांगं सरकत, दाराकडं. हे पाहा, सरळ-सरळ, झाडू मारल्यावानी ओढेल हाय. हे बाईचं सारवन नाई. वल्लंच होतं म्हनून आमी बायाईनं मागून हात लावला नाई. अन् हा पाटा. बाई असती त पाटा उचलून खालून सारवलं असतं. यानं पाट्याच्या भवतालून हात फिरवला. याले काय माहीत?”

मी बूट काढले होते. गुडघ्यांवर बसलो. पाट्याच्या कडेला सारवणाचा पोपडा थोडा उचललेला होता. खालची माती काळपट लाल होती, आणि ती काळसर रेघ पाट्याखाली गेली होती. पाटा होता. वरवंटा कुठंच नव्हता.

मी पाट्याला हात लावला नाही. या कामात ही एक गोष्ट तरी मला नीट येत होती. खोली बंद केली, सील केली, ठाण्यात येऊन साहेबांपुढे उभा राहिलो आणि सांगितलं की हा खून आहे आणि मी पहिला पंचनामा आत न जाता केला आहे.

हे साहेब परजिल्ह्यातले, तरुण, वाईट नव्हते. त्यांनी आधी दुसरं वाक्य बाजूला ठेवून पहिल्यावर काम सुरू केलं. गुन्हा दाखल झाला, प्रयोगशाळेची माणसं आली. त्यांनी पाटा उचलला, खालची दोन हात चौकोन जमीन खरवडून, माती पुड्यांत बांधून नेली. सारवणाखालच्या मातीत रक्त निघालं, पण ते माणसाचं आहे असं प्रयोगशाळा खात्रीनं सांगू शकली नाही, कारण शेणानं त्याची वाट लावली होती. पाट्याखालची माती मात्र शेणापासून वाचली होती. तिच्यातलं रक्त बाईचं होतं, आणि वंदनाच्या रक्ताशी ते आई-मुलीच्या नात्यानं जुळलं. सुधाकरनं पाटा उचलला असता तर मला हा लेख लिहिता आला नसता.

एवढ्यानं खून सिद्ध होतो असं वाटत असेल, तर तुम्ही आरोपीचे वकील नाही. प्रेत नाही, शवविच्छेदन नाही. राखेतले कवटीचे तुकडे आम्ही डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, ही फट माराची असू शकते, जाळानंही कवटी अशीच तडकते, मी शपथेवर काही सांगणार नाही. प्रामाणिक माणूस होता, त्या दिवशी मला फार राग आला त्याचा.

अटक झाल्यावर सुधाकर दोन दिवस शांत होता. तिसऱ्या दिवशी बोलला, की वरवंटा विहिरीत टाकला आहे. मी पुढचं ऐकायच्या आधी पंच बोलावले. चहावाल्याच्या दुकानाकडे पाहिलंसुद्धा नाही. एक पंच गावातला घेतला, दुसरा कामरगावच्या जनावरांच्या दवाखान्यातला परिचर. सरकारी नोकर सहसा साक्ष बदलत नाही, कारण त्याला आपल्या नोकरीची काळजी असते. तत्त्वनिष्ठेला असा काहीतरी टेकू लागतोच.

दोन मोटारी लावून विहीर दुपारपर्यंत उपसली. गाळातून वरवंटा निघाला. त्यावर रक्ताचा मागमूस नव्हता, आणि विहिरीत दगड असणं हा काही पुरावा नाही. तो यमुनाबाईचाच कशावरून? वंदनानं तो हातात घेतला, एका टोकाशी बोट फिरवलं.

“हा मायचाच. माय डावरी होती. पाहा, याच बाजूनं झिजेल हाय.”

परिचरानं तेव्हाच मला बाजूला घेऊन म्हटलं, “जमादार, हे लिवून घ्या. झिजेल बाजू कोनती ते. नाई त मले दोन वर्षांनं आठवनार नाई.” पंचानं स्वतःहून काही लिहायला सांगावं, असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं.

मग सुधाकरच्या फोनच्या नोंदी. पहाटे साडेपाचला पहिला फोन लाकडं विकणाऱ्याला. दुसरा ट्रॅक्टरवाल्याला. वंदनाला फोन लागत नव्हता असं त्यानं साऱ्या गावाला सांगितलं होतं. त्यानं तो लावलाच नव्हता. सोन्यासारखा पुरावा. पण संगणकातून निघालेल्या कागदाला, तो कुणी काढला, कोणत्या यंत्रातून काढला, याचं सहीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, नाहीतर ती रद्दी. आमच्या कागदांना ते नव्हतं. त्यासाठी मी मोबाइल कंपनीच्या कचेरीत पाच वेळा गेलो. चौथ्या वेळी तिथला माणूस म्हणाला, “काका, मेल करा ना, चकरा कशाला मारता?” मी म्हणालो, मेल सहा केले, आता मी इथंच बसतो. बसलो. पाचव्या वेळी डबा घेऊन गेलो तेव्हा सही मिळाली.

आरोपपत्र जायच्या आधी एक दिवस साहेबांनी मला बोलावलं, दार लावलं.

“जमादार, तो मर्गचा पहिला पंचनामा. तो वकिलाच्या हातात पडला तर काय होईल?”

“होईल ते होईल.”

“फाइल अजून आपल्याकडेच आहे ना?” ते खिडकीबाहेर बघत होते. “या ठाण्यात उंदीर काही कमी नाहीत.”

मी इथं मोठा निश्चयी दिसावं असं वाटतं, पण खरं ते सांगतो. माझ्या मनात तो उंदीर क्षणभर फिरून गेला. सुधाकर सुटू नये, ही माझी इच्छा साहेबांपेक्षा जास्त होती. पण मर्गच्या कागदांची एक प्रत तहसीलला गेलेली होती. प्रामाणिकपणाला दुय्यम प्रतीचा फार आधार असतो. मी तसं सांगितलं. आणि मग, प्रत नसती तर मी काय म्हणालो असतो हे मला स्वतःलाच कळेना, म्हणून पुढचं वाक्यही बोलून टाकलं, “साहेब, तो कागद राहू द्या. त्याचं उत्तर मी देईन.”

खटला वाशीमच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. गावातल्या एकानं आदल्या संध्याकाळी सुधाकरला त्या घरात जाताना पाहिलं होतं, तसा जबाबही दिला होता. पिंजऱ्यात उभा राहिल्यावर तो म्हणाला, मी त्या दिवशी लग्नाला गेलो होतो. कार्तिकात, तुळशीच्या लग्नाआधी, कुणाचं लग्न होतं हे त्याला सांगता आलं नाही, पण साक्ष गेली ती गेली. गावातला पंचही फिरला. परिचर मात्र टिकला. झिजलेली बाजू कोणती, हे त्यानं कागद न बघता सांगितलं.

गोदाबाईची साक्ष ऐकायला वकील मंडळी इतर खोल्यांतून येऊन बसली होती. आरोपीचे वकील वयस्कर, आवाजानंच अर्धी लढाई जिंकणारे. त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही सारवणशास्त्राच्या पदवीधर आहात का?”

“मी काय हावो म्हन्ता?”

“सारवण कुणाच्या हातचं हे कसं ओळखता?”

“तुमी सही ओयखता ना मानसाची? तसं.” मग तिला राहवलं नाही. “आना शेन. इथंच सारवून दाखोतो. तुमीबी सारवा. मंग जजसायेब सांगतीन कोनतं कोनाचं.”

न्यायाधीशांनी खाली पाहून काहीतरी लिहिलं. वकिलांनी पुढचा प्रश्न बदलला.

“जमीन ओली होती, हे तुम्ही चार दिवस पोलिसांना सांगितलं नाही. का?”

“त्याईनं इचारलं नाई,” ती म्हणाली, आणि सगळ्या न्यायालयासमोर माझ्याकडे बोट केलं. “हे काय, बसेल हायेत.”

त्यानंतर माझी पाळी. सरकारी वकिलांनी आदल्या दिवशी मला समजावलं होतं. उजेड कमी होता म्हणा, डोळ्यांना मोतीबिंदूची सुरुवात होती म्हणा, खोटं बोलू नका पण थोडं अंधूक बोला. मोतीबिंदू खराच होता. रात्रभर मी त्या वाक्याची तयारी केली.

वकिलांनी पहिला पंचनामा माझ्या हातात दिला. अक्षर माझं, सही माझी.

“मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं. “घराची आतून बारकाईने पाहणी केली असता...” आपण लिहिलेलं इतकं मोठ्यानं मी कधी वाचलं नव्हतं.

“आता हा दुसरा, दोन दिवसांनंतरचा. यात रक्त आहे, पोपडा आहे, सगळं आहे. जमादारसाहेब, घर तेच, जमीन तीच, लिहिणारा तोच. दोन्ही खरे असू शकत नाहीत. खोटा कोणता?”

वंदना दाराजवळच्या बाकावर बसली होती. उजेड आणि मोतीबिंदू दोन्ही जिभेवर तयार होते.

“पहिला,” मी म्हणालो. “मी आत गेलोच नाही. उंबरठ्यावरून पाहिलं आणि नेहमीचं वाक्य लिहिलं.”

“म्हणजे शपथेवर सांगता की तुम्ही खोटा पंचनामा केलात?”

“हो.”

“मग दुसराही तसाच नसेल कशावरून?”

“दुसऱ्या वेळी मी गुडघ्यांवर होतो, वकीलसाहेब. आणि या बाई शेजारी बसून दाखवत होत्या. माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्यांच्यावर ठेवा, मातीवर ठेवा.”

माझा खोटेपणा सिद्ध करायला वकिलांनी बरीच तयारी केली असावी. तो मीच देऊन टाकल्यामुळे हातातले कागद त्यांनी दोनदा उलटसुलट केले आणि बसले.

निकालाला घटनेपासून साडेतीन वर्षं लागली. सुधाकरला जन्मठेप झाली. अपील नागपूरला प्रलंबित आहे, तेव्हा पुढचं मी बोलत नाही. निकालपत्रात माझ्याबद्दल दोन वाक्यं होती. एकात म्हटलं होतं की या साक्षीदारानं केलेला निष्काळजीपणा निषेधार्ह आहे. दुसऱ्यात म्हटलं होतं की स्वतःचं नुकसान करून घेणारी त्याची कबुली विश्वासार्ह वाटते. खात्यानं पहिलं वाक्य वाचलं. मला सक्त ताकीद मिळाली आणि सेवापुस्तकात तांबड्या शाईनं नोंद झाली. तीही रास्त होती. ज्यांनी मानपत्र लिहिलं त्यांनी ते सेवापुस्तक उघडलं नव्हतं, एवढंच. तेही उंबरठ्यावरूनच लिहीत होते.

निकालाच्या दिवशी वंदना रडली नाही. आवारात, लिंबाखाली उभी राहून तिनं विचारलं, “आता घर उघडलं तर चालते ना?” सील केव्हाच निघालं होतं, पण खटला संपेपर्यंत कशाला हात लावू नका असं सरकारी वकिलांनी सांगितलं होतं, आणि तिनं साडेतीन वर्षं त्या घराचं कुलूप काढलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. घराला जाळ्या लागल्या होत्या. चुलीपाशी, पाटा होता तिथं, प्रयोगशाळेनं खरवडलेला चौकोन तसाच उघडा होता. पाटा आणि वरवंटा अपिलापर्यंत मुद्देमालाच्या खोलीतच राहणार होते. वंदना पांढऱ्या मातीच्या पाट्या आणून टाकत होती, गोदाबाई ती चोपत होती. खड्डा भरला. मग शेणकाला झाला. गोदाबाई चुलीच्या भिंतीला पाठ लावून बसली आणि दाराकडे सरकत सारवू लागली. हात कमानीसारखा फिरत होता, एकाला एक लागून, मध्ये कुठं सांधा नाही. वंदना तिच्या बाजूला बसून तसाच हात फिरवत होती. तिची कमान थोडी लहान पडत होती.

मी बूट काढून पाय आत टाकणार, तेवढ्यात गोदाबाईनं शेणाचा हात वर केला.

“थांबा जमादार. वल्लं हाय.”

“थांबतो.”

“वाळेपर्यंत उंबऱ्याबाहीरच उभे राहा,” ती हात न थांबवता म्हणाली. “तुमाले सवय हाय तेथून पाहाची.”

वंदना पहिल्यांदा हसली. मी उंबरठ्याबाहेर उभा राहिलो आणि जमीन पुरती वाळेपर्यंत नीट पाहत राहिलो.